अण्णांच्या घरावर आईचं नाव



लोणची, पापड, चातुर्मासात चालणाऱ्या भाज्या यांवर इथे बरंच लिहिलं. एक विषय मात्र दोन-तीन वर्षं मनात अडकून राहिला होता, तो आज लिहून टाकते. दादाला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला, "लिही, पण माझीही बाजू लिही." प्रयत्न करते.

मार्च २०२२मध्ये आमचे अण्णा गेले. सांगलीत गावभागात आमचं घर. १९७८ साली अण्णांनी जागा घेतली. शिक्षकाच्या पगारात आधी खाली दोन खोल्या बांधल्या आणि मग दहा-बारा वर्षांनी वरचा मजला चढवला. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. त्या काळी बायकोचं नाव लावायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे. मृत्युपत्र त्यांनी केलं नाही. कुणी विषय काढला की हसून म्हणायचे, "माझी पोरं काय भांडणार आहेत होय?"

मागे राहिलो आम्ही चौघं. आई, दादा, मधली मी आणि बेळगावला दिलेली धाकटी. दादा-वहिनी पहिल्यापासून आई-अण्णांजवळच. मी लग्न होऊन पुण्याला आले त्याला आता सत्तावीस वर्षं झाली.

सुतक फिटून महिना झाला असेल. मी आईला भेटायला गेले होते. दुपारी जेवणं झाल्यावर दादाने एक कागद पुढे ठेवला. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर टाइप करून आणलेलं संमतीपत्र. "घरपट्टीवर, लाइटबिलावर माझं नाव लावायचंय. तुमच्या सगळ्यांच्या सह्या लागतात म्हणे. इथे कर."

खरं सांगते, मी पेन हातात घेतलं होतं. आमच्यात बहिणींनी सही करायची असते आणि साडीचोळी घेऊन आपल्या घरी जायचं असतं. माझ्या दोन्ही आत्यांनी तेच केलं. त्यातून मला घर नकोच होतं. पुण्यात आमचा फ्लॅट आहे, मुलगा मार्गाला लागलाय.

सही करण्याआधी वाचायची सवय अण्णांचीच. शाळेच्या पावतीवरसुद्धा ते चष्मा लावून वाचल्याशिवाय सही करत नसत. म्हणून वाचलं. त्यात लिहिलं होतं की सदर घरावर आमचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही आणि पुढेही राहणार नाही. खाली सहीसाठी तीन रेघा होत्या. माझी, धाकटीची आणि आईची.

"दादा, आईचीही सही?"

"अगं, आई कुठे जातेय? ती माझ्याकडेच आहे की."

दादाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण तो 'माझ्याकडे' शब्द मला टोचला. ज्या घराच्या पायाच्या विटा आईने स्वतः पाणी मारून भिजवल्या, त्या घरात ती एका कागदाने दादा'कडे' राहायला येणार होती.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "आज नको. नीट समजून घेऊन सांगते."

दादा काही बोलला नाही. वहिनी मात्र स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही तर अपरिग्रहावर लिहिता ना?"

घाव वर्मी बसला. पुण्याला येईपर्यंत बसमध्ये तेच वाक्य डोक्यात फिरत होतं. घरी सामायिकाला बसले तरी मन ठिकाणावर येईना. मला खरंच घराचा लोभ सुटलाय का? पुष्कळ उलटसुलट विचार केल्यावर एक गोष्ट मात्र कळली आणि ती लिहायला लाज वाटते. त्या दुपारी मी सही करायला निघाले होते ती त्यागापोटी नव्हे. सगळ्यांनी 'किती समजूतदार मुलगी' म्हणावं म्हणून निघाले होते. तोही एक लोभच, मैत्रिणींनो. घराचा नसेल, नावाचा होता.

नंतरचे महिने वाईट गेले. दादाचे फोन थांबले. मी राखी पोस्टाने पाठवली. पोचल्याचा फोन आला तो वहिनींचा, एका मिनिटाचा. आईशी बोलायचं तर ती आवाज खाली करून बोलायची. धाकटी म्हणाली, "आक्का, करून टाक गं सही. घरासाठी माहेर कशाला तोडायचं?" तिचंही खरंच होतं.

मधल्या काळात मी एका ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी तासभर शांतपणे समजावलं. त्यातलं तुमच्या उपयोगाचं इथे सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याला कायदा कोणता लागतो. मला वाटत होतं, जैनांना अल्पसंख्याक दर्जा मिळालाय, तर वारसाचे नियमही वेगळे असतील. तसं नाही. २०१४ साली तो दर्जा मिळाला तरी वारसाहक्कासाठी जैनांना १९५६चा हिंदू वारसा कायदाच लागू आहे. कायद्यातच हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शीख असं स्पष्ट म्हटलंय. अण्णांनी घर स्वकष्टाने घेतलं होतं आणि मृत्युपत्र नव्हतं. अशा वेळी बायको, मुलगा आणि मुली, सगळ्यांना सारखा वाटा. वडिलांची आई हयात असेल तर तिलाही. आमच्याकडे आजी नव्हती, म्हणून चौघांचा चार आणे, चार आणे हिस्सा. मुलीचं लग्न झालं की नाही याने काही फरक पडत नाही.

"मग राहत्या घरात मुलींचं काय, असं सगळे का म्हणतात?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, त्यालाही कारण आहे. त्याच कायद्यात कलम २३ होतं. राहत्या घरात मुलीचा हिस्सा असला तरी भावांनी वाटणी करायचं ठरवेपर्यंत तिला ती मागता येत नसे. राहण्याचा हक्कही फक्त अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळं राहावं लागलेल्या मुलीला. २००५च्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकलं. कायद्यातून गेलं, बोलण्यातून अजून गेलेलं नाही.

दुसरी गोष्ट, घरपट्टी आणि लाइटबिल हे मालकीचे कागद नव्हेत. सांगलीसारख्या गावात, जिथे सिटी सर्व्हे झालाय, तिथे बघायची ती मिळकत पत्रिका, म्हणजे आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते. आणि तिच्यावरची नोंदसुद्धा मालकी देत नाही, न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. हक्क येतो तो वारशाने किंवा खरेदीखतासारख्या दस्ताने. नोंद म्हणजे त्या हक्काची सरकारदरबारी लावलेली पाटी. पाटी नसली म्हणून हक्क जात नाही. पण पाटीवर चुकीचं नाव राहिलं, तर पुढच्या पिढीला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

तिसरी गोष्ट, स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेल्या कागदाने घरातला हिस्सा सुटत नाही. त्यासाठी हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. ते सहहिस्सेदाराच्या नावाने करतात. आणि एकदा राजीखुशीने नोंदवलं की 'माझा विचार बदलला' म्हणून परत फिरता येत नाही.

शेवटी वकीलबाई म्हणाल्या, "ताई, सोडायला माझी ना नाही. पण आधी तुमचं काय आहे ते कागदावर येऊ द्या. मग कुणासाठी सोडायचं ते ठरवा."

घरी आले आणि तेव्हा पाच अणुव्रतं आठवली. श्रावकाचं पाचवं अणुव्रत नुसतं अपरिग्रह नाही, परिग्रह-परिमाण आहे. परिमाण म्हणजे मोजमाप. गृहस्थाने आपल्याजवळ काय आहे ते मोजायचं आणि मर्यादा घालायची. जे मोजलंच नाही त्याची मर्यादा कशी घालणार? आणि त्याच्या दोन पायऱ्या आधी अचौर्य आहे. जे कुणी मनापासून दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. आईला न विचारता तिची सही घेणं यात कुठे बसतं, हा प्रश्न दादाइतकाच मलाही होता. कारण मीसुद्धा आईला काही विचारलं नव्हतं.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. मी रोज इथल्या मंदिरात प्रवचनाला जात होते. आठवा दिवस उत्तम त्यागाचा. इतकी वर्षं हे दहा दिवस केले, पण क्रमाकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. त्याग आठव्या दिवशी येतो. त्याच्या आधी क्षमा आहे, मार्दव आहे, आर्जव आहे, सत्य आहे. मन मऊ हवं, वागणं सरळ हवं, बोलणं खरं हवं, त्यानंतर त्याग. आमच्या घरात आम्ही एकदम आठव्या दिवसावर उडी मारायला निघालो होतो.

क्षमावणीच्या दिवशी मी दादाला फोन लावला. "दादा, मन-वचन-कायेने दुखावलं असेल तर क्षमा कर." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "मलाही." आणि मग, "तू घर विकायला लावणार आहेस का?"

मी चकितच झाले. म्हटलं, "मी? मला वाटलं, तू आईचं नाव काढून टाकणार."

दोघंही हसलो आणि मग रडलोही. सहा महिने आम्ही एकमेकांबद्दल मनात एक-एक गोष्ट धरून बसलो होतो आणि विचारलं कुणीच नव्हतं.

आता दादाची बाजू. २०१९च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर तुम्हाला आठवत असेल. आमचा खालचा मजला पाण्यात होता. आई-अण्णांना होडीतून बाहेर काढलं ते दादाने. नंतर गिलावा, वायरिंग, फरशी, सगळं त्याने स्वतःच्या पीएफमधून केलं. आम्ही बहिणींनी फोन केले, चादरी आणि भांडी पाठवली. अण्णांच्या शेवटच्या दोन वर्षांत रात्री उठून त्यांना उठवणं-बसवणं दादा-वहिनींनीच केलं. त्याच्या ओळखीच्या एका घरात वाटणीसाठी राहतं घर विकावं लागलं होतं, तेव्हापासून त्याच्या मनात धास्ती होती. ही धास्ती खोटी नव्हती. मला ती ऐकून घ्यायला सहा महिने लागले.

दिवाळीत आम्ही तिघं आईसमोर बसलो. दादानेच विचारलं, "आई, घराचं काय करायचं?"

आई तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं. म्हणाली, "त्या कागदावर माझं नाव लागतं का?"

"लागतं की."

"मग आधी ते लावा. पुढचं पुढे बघू."

छप्पन वर्षांच्या संसारात आईच्या नावावर कधी काही नव्हतं. बँकेचं खातंसुद्धा अण्णांबरोबरचं. तिला हवं असेल असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

मग कागदांची मोहीम सुरू झाली. मूळ खरेदीखत पुरात भिजून त्याचा लगदा झालेला. पण नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित प्रत निबंधक कार्यालयातून मिळते, ती काढली. मिळकत पत्रिकेचा उतारा, अण्णांचा मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आधार कार्डं. एवढं घेऊन नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज दिला.

अडलं ते आम्हा बायकांच्या नावांपाशी. लग्नात आईचं नाव बदललं होतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि आधारवर सासरचं नाव पण एक अक्षर चुकलेलं. माझं नाव बदललेलं नाही, पण आडनाव बदललं. धाकटीचं दोन्ही बदललं. दादा एकटाच जन्मापासून एका नावाचा! आधी आईचं आधार दुरुस्त केलं, मग 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' अशी तिघींची प्रतिज्ञापत्रं केली. आमच्या लग्नाचे दाखले जोडले. त्यात दीड महिना गेला. दोष कुणाचाच नाही, आम्हीच इतकी वर्षं नावांकडे लक्ष दिलं नव्हतं.

अर्ज घेतल्यावर सगळ्या वारसांना नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हरकत नसली की नोंद मंजूर होते. आमचीही झाली. दादा नवीन उतारा घेऊन आला त्या दिवशी मी सांगलीतच होते. 'वारसाने' या शब्दापुढे चार नावं. आईने चष्मा लावला, पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं. मग देव्हाऱ्याजवळ कागद नेऊन ठेवला आणि चहा टाकायला गेली. एवढंच. पण त्या संध्याकाळी ती नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात बोलत होती, असं मला तरी वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी आणि धाकटीने आपापला चार आणे हिस्सा सोडला, आईच्या नावे. दादाला आधी सांगितलं होतं. त्याला वाईट वाटेल अशी भीती होती, पण तो म्हणाला, "बरोबर आहे. घर तिचंच आहे." दुय्यम निबंधक कार्यालयात आमचे फोटो काढले, अंगठे घेतले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "राजीखुशीने सोडताय ना? कुणाचा दबाव नाही?" मी "राजीखुशीने" म्हटलं. एका वर्षापूर्वी तेच उत्तर दिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

वहिनींनी आम्हा दोघींना इरकली साड्या घेतल्या होत्या. आम्ही घेतल्या. वहिनींनी माझ्या हातात देताना म्हटलं, "वन्सं, त्या दिवशी मी बोलायला नको होतं." मी म्हटलं, "बरं झालं बोललात. नाहीतर मी सही करून मोकळी झाले असते."

आता घरात आईचे बारा आणे, दादाचे चार आणे. आईने नंतर मृत्युपत्रही केलं. आईने केलं नसतं तर तिच्या मागे तिचे बारा आणे पुन्हा आम्हा तिघांत सारखे वाटले गेले असते आणि दादाची धास्ती होती तिथेच राहिली असती.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी आत्ता यातून जात असतील किंवा पुढे जातील. म्हणून हात जोडून चार गोष्टी सांगते.

पुढे ठेवलेला कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका, तो सख्ख्या भावाचा असला तरी. त्यात आईचं काय लिहिलंय ते आधी बघा.

आधी सगळ्या वारसांची नोंद होऊ द्या. सोडायचं असेल तर त्यानंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडा. ज्याच्यासाठी सोडताय त्याचं नाव विचार करून ठरवा.

आपल्या सगळ्या कागदांवर आपलं नाव एकसारखं आहे का, ते आजच बघून घ्या. आधार, पॅन, बँक, शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला. आईचेही बघा. हे घरातलं माणूस गेल्यानंतर करायचं काम नाही.

आणि घरातली मोठी माणसं धडधाकट असतानाच त्यांना मृत्युपत्राचं विचारा. अशुभ काही नाही त्यात. साध्या कागदावरही होतं, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. 'पोरं भांडणार आहेत होय' असं म्हणणाऱ्या चांगल्या माणसांच्या घरातसुद्धा सहा महिने अबोला राहू शकतो.

आईच्या मृत्युपत्रात काय आहे, ते आम्हाला तिघांनाही माहीत नाही. एकदा धाकटीने लाडात येऊन विचारलं, तर आई म्हणाली, "माझं घर आहे. मी बघीन."

जय जिनेंद्र. पुढच्या वेळी उन्हाळी सांडग्यांवर लिहिते.